घराने सोसलेली झीज

मुलांना श्रद्धा कशी द्यावी आणि त्यांच्या अंगी सरळपणा कसा बाणवावा, हा प्रश्न ज्या आईवडिलांना पडतो ते त्याचे उत्तर बहुधा दिवसातल्या एखाद्या ठरावीक वेळेत शोधतात. प्रार्थनेची वेळ, सुट्टीच्या दिवशीचा वर्ग, पाठांतर, झोपण्यापूर्वी सांगितलेली बोधकथा. या कशालाच माझा विरोध नाही. यातले बरेचसे माझ्या वाट्याला आले आणि माझ्या मुलांनाही मी ते दिले. पण मूल हे सारे नेमके कोठून उचलते याचा विचार करू लागले की मला त्या ठरावीक वेळेपेक्षा उरलेला दिवस महत्त्वाचा वाटू लागतो. त्या दिवसातही असे काही क्षण असतात, जेव्हा घरातल्या मोठ्या माणसाची सोय एका बाजूला असते आणि तो जे मानतो म्हणून सांगतो ते दुसऱ्या बाजूला असते. त्या वेळी तो यांपैकी काय सोडून देतो, याकडे मुलाचे बारीक लक्ष असते.

नुसत्या उपदेशाचे बळ किती तोकडे असते, हे फार पूर्वी मोजून झाले आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी १०,०००हून अधिक शाळकरी मुलांची पाहणी केली. उत्तरे चोरण्याची, खोटे बोलण्याची, पैसे लांबवण्याची संधी आपोआप मिळेल असे प्रसंग त्यांनी मुलांपुढे उभे केले आणि कोण काय करते ते पाहिले. योग्य काय आणि अयोग्य काय हे नीट सांगता येणारे मूल संधी मिळताच प्रामाणिक राहतेच, असे त्यांना आढळले नाही. वर्गात फसवणारे मूल खेळात सरळ वागत होते आणि खेळात सरळ वागणारे घरी खोटे बोलत होते. पुढच्या अभ्यासकांनी या निष्कर्षाला थोडी मुरड घातली, माणसाच्या वागण्यात काही सातत्य असतेच असे दाखवले. तरी ठाऊक असणे आणि तसे वागणे यांमधली ती दरी काही बुजली नाही.

श्रद्धेच्या बाबतीत याहून मौजेची गोष्ट मला पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना विचारले होते की जंतू खरोखर असतात का, प्राणवायू असतो का, आणि देव असतो का. यांपैकी एकही गोष्ट मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती; सर्वच बाबतींत त्यांना मोठ्यांच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागले होते. तरीही जंतू आणि प्राणवायू यांच्याविषयी मुले जेवढी निःशंक होती तेवढी देवाविषयी नव्हती. असे का व्हावे, याची एक शक्यता अशी मांडली गेली की जंतू आहेत हे घरात कोणी पटवून देत बसत नाही. कोणी म्हणत नाही की आमची जंतूंवर श्रद्धा आहे. मोठी माणसे एवढेच म्हणतात, ‘हात धुऊन ये,’ आणि स्वतःही धुतात. जंतूंचे असणे त्या वाक्यात आणि त्या कृतीत आधीच गृहीत धरलेले असते. देवाविषयी मात्र आपण सांगतो, समजावतो, आग्रह धरतो आणि त्या आग्रहातूनच मुलाला कळते की याविषयी दुमत असणार.

मला हे वाचून आपल्या घरांची एक परीक्षा सुचली. आपण जे मानतो म्हणून सांगतो, त्यातले दिवसाच्या वेळापत्रकात, खर्चात आणि बोलण्याचालण्यात काहीही न सांगता गृहीत धरलेले किती आहे? बाकीचे मूल ऐकून घेते, कदाचित पाठही करते, पण ते ज्याच्या आधाराने वागू लागते ते घराने गृहीत धरलेलेच असते.

यालाच जोडून दुसरी एक मांडणी आहे. जोसेफ हेनरिक या अभ्यासकांनी २००९ मध्ये असा विचार मांडला की दुसऱ्याकडून एखादी श्रद्धा घेताना माणूस केवळ शब्द ऐकत नाही. ती श्रद्धा नसती तर जी झीज सोसण्याचे कारणच नव्हते, अशी झीज बोलणाऱ्याने सोसली आहे का, हे तो पाहतो. हे सहज पटण्यासारखे आहे, कारण शब्दांना काही मोल पडत नाही आणि ते लबाडालाही परवडतात. मोठी माणसे व्यवहारात हा हिशेब जाणूनबुजून करतात. मुले तो नकळत करत असावीत.

माझी आई रोज रात्री झोपण्यापूर्वी प्रार्थना करत असे आणि तिच्या शेवटी ती काही माणसांची नावे घेऊन त्यांचे भले व्हावे असे मागत असे. नावे घरातली असत, आजारी माणसांची असत, प्रवासाला निघालेल्यांची असत. आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या ती ऐकत असू आणि आपले नाव कितवे आले यावरून भांडत असू. एकदा त्यात अशा एका बाईचे नाव आले, जिने त्याच आठवड्यात चारचौघांत आईचा पाणउतारा केला होता आणि त्यावरून आई घरी येऊन रडली होती, हे आम्ही पाहिले होते. मी उठून बसले आणि विचारले, ‘तिचं नाव का घेतलंस?’ आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आज तेच घ्यायला जड जातंय म्हणून.’ पुढे क्षमेविषयी मी पुष्कळ वाचले आणि ऐकले, परंतु त्या रात्री आईच्या आवाजात जो अडखळलेपणा होता तो नसता, तर ते सारे माझ्या कानावरून गेले असते असे वाटते. त्या बाईवर आईचे प्रेम अजिबात नव्हते आणि ते आहे असा आव तिने आमच्यापुढे आणला नाही. तिला ते जड जात होते, आणि तरी तिने ते केले. आम्हाला दिसले ते एवढेच.

वडिलांची गोष्ट वेगळी. ते प्रार्थनेला बसत, पण श्रद्धेविषयी बोलत नसत. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत, त्यांची दृष्टी गेली होती, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे वडिलांनी कबूल केले होते. ज्या कार्यक्रमाची आम्ही आठवडाभर वाट पाहत असू तो दूरदर्शनवर त्याच वेळी लागे आणि तो वडिलांबरोबर पाहण्यात जी मजा होती ती एकट्याने पाहण्यात नव्हती. एका रविवारी मी हट्टच धरला की आज जाऊ नका, ते काही रागावणार नाहीत. वडील पायांत चपला घालत होते. ते म्हणाले, ‘रागावणार नाहीत हे खरं, पण त्यांनी दार उघडं ठेवलं असेल.’ आणि ते गेले. दिलेला शब्द पाळावा, असे ते त्या दिवशीही म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

आता येथे एक अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. वडिलांच्या त्या रविवारची किंमत काही अंशी मीही मोजत होते. मोठ्यांच्या सद्गुणांचा खर्च पुष्कळदा मुलांच्या खात्यावर पडतो. जगाच्या उपयोगी पडणारा, सभांमधून आणि सेवाकार्यातून सर्वांना हवाहवासा वाटणारा, पण घरी आला की थकलेला आणि तुटक बोलणारा बाप आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. अशा घरातले मूल त्याग पाहत नाही असे नाही. ते तो चांगलाच पाहते आणि त्यातून एवढेच शिकते की या त्यागात सोडून दिली जाणारी वस्तू आपण आहोत. पुढे ते मूल त्या सेवेकडे आणि त्या श्रद्धेकडे पाठ फिरवते तेव्हा लोकांना आश्चर्य वाटते. मला तसे ते वाटत नाही.

व्हर्न बेंगट्सन या समाजशास्त्रज्ञाने दक्षिण कॅलिफोर्नियातील ३५०हून अधिक कुटुंबांचा १९७० पासून अनेक दशके पाठपुरावा केला. आजोबा-आजी, आईवडील, मुले आणि पुढे त्यांची मुले, अशा पिढ्यांमधून श्रद्धा कशी उतरते किंवा उतरत नाही, हा त्या दीर्घ अभ्यासातला एक महत्त्वाचा प्रश्न होता. आईवडील किती निष्ठेने धर्म पाळतात आणि त्यांच्या वागण्यात किती एकवाक्यता आहे याला अर्थातच महत्त्व होते, पण त्याबरोबर नात्यातल्या जिव्हाळ्यालाही मोठे महत्त्व असल्याचे दिसून आले आणि त्यातही वडिलांशी असलेल्या जवळिकीला विशेष. बाप कितीही धर्मनिष्ठ असला, पण मुलाला तो दूरचा आणि कठोर वाटत असला, तर ती निष्ठा पुढे सरकण्याची शक्यता कमी होत होती. माझ्या वडिलांनी तो कार्यक्रम सोडला, पण परत आल्यावर वर्तमानपत्रातली जी बातमी ऐकून ते गृहस्थ खूप हसले होते ती त्यांनी मला अभिनयासह वाचून दाखवली, आणि कार्यक्रमात काय झाले ते माझ्याकडून तपशीलवार ऐकून घेतले. हे त्यांनी ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. पण ते तसे झाले नसते, तर त्या उघड्या दाराचा माझ्या मनात आज काही वेगळाच अर्थ राहिला असता.

शब्द पाळण्याविषयी आणखी थोडे, कारण श्रद्धेची मुळे मला तेथेच दिसतात. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांवर एक प्रयोग केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना चित्रे काढायला बसवून, अधिक चांगले रंग आणून देते असे एका बाईने सांगितले. निम्म्या मुलांना तिने ते खरोखर आणून दिले. उरलेल्या मुलांना, मिळाले नाहीत, असे सांगून माफी मागितली. नंतर प्रत्येक मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवून सांगण्यात आले की थांबलास तर आणखी एक मिळेल. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि ज्यांच्या बाबतीत पाळला गेला नव्हता ती सुमारे ३ मिनिटे. ज्याला आपण मुलाचा संयम म्हणतो आणि ज्याचे श्रेय किंवा दोष मुलाच्या स्वभावाला देतो, त्यातला मोठा भाग मुलाने समोरच्या मोठ्या माणसाविषयी केलेला शहाणा अंदाज असतो. न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून थांबणे, हे तर श्रद्धेचेही काम आहे. आज संध्याकाळी नेते, उद्या आणते, परीक्षा झाली की बघू, असे म्हणून हवेत सोडून दिलेली आश्वासने ज्या घरात साचत जातात, त्या घरात मुलाला देवाच्या वचनांविषयी सांगणाऱ्या माणसाला फार मोठा चढ चढावा लागतो.

घरातल्या लहानसहान थापांचेही तसेच आहे. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी २०१४ मध्ये दाखवले की प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने आपल्याला फसवले हे कळल्यावर ५ ते ७ वर्षांची मुले नंतरच्या खेळात अधिक प्रमाणात चोरून पाहतात आणि पाहिले नाही असे अधिक प्रमाणात सांगतात. त्या मुलांना केलेली फसवणूक अगदी किरकोळ होती; शेजारच्या खोलीत खाऊने भरलेले भांडे आहे, एवढेच त्यांना सांगितले गेले होते आणि ते तेथे नव्हते. रडणारे मूल दुकानातून लवकर बाहेर काढण्यासाठी आपण जे सहज बोलून जातो, ते याच जातीचे असते.

शिस्तीविषयी बोलताना मला नेहमी सॅम्युअल ऑलिनर आठवतात. पोलंडमधल्या एका यहुदी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे सारे कुटुंब १९४२ मध्ये नाझींनी मारले. तो १२ वर्षांचा होता. बाल्विना पिएचुख नावाच्या एका ख्रिस्ती शेतकरी बाईने त्याला आसरा दिला, आपला जीव धोक्यात घालून त्याला दुसऱ्या ओळखीने जगायला शिकवले आणि त्यामुळे तो वाचला. पुढे अमेरिकेत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाल्यावर त्याने आणि त्याची पत्नी पर्ल यांनी, त्या काळात यहुद्यांना लपवून वाचवणाऱ्या ४००हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच परिस्थितीत काही न केलेल्यांशी त्यांची तुलना केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. वाचवणाऱ्यांना बालपण आठवताना आईवडिलांनी समजावून सांगितलेले आठवत होते. तू असे केलेस त्यामुळे त्याला काय झाले, आता ते दुरुस्त कसे करायचे, हे त्यांच्याशी बोलले गेले होते. मारहाणीच्या आणि केवळ आज्ञापालनाच्या आठवणी दुसऱ्या गटात तुलनेने अधिक होत्या. धार्मिकतेच्या मापाने मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो आपल्या धर्मशिकवणीचा अर्थ त्यांनी किती माणसांपर्यंत पसरू दिला, यात.

मला यातले आज्ञापालनाविषयीचे निरीक्षण फार अस्वस्थ करते, कारण ‘ऐकणारे मूल’ ही अजूनही पालकांना मिळणारी सर्वांत मोठी पावती मानली जाते. ऐकणारे मूल सोयीचे असते यात शंका नाही. परंतु जे मूल केवळ अधिकारापुढे वाकायला शिकले, ते उद्या आपल्यापेक्षा मोठ्या अधिकाऱ्यापुढेही वाकेल, आणि तो अधिकारी दार लावून घे म्हणाला तर दार लावून घेईल. मुलाला कारण सांगत बसणे वेळखाऊ असते, कित्येकदा ते हास्यास्पदही वाटते, विशेषतः चार वर्षांच्या मुलापुढे आपण दमून भागून तर्क लढवत असतो तेव्हा. पण त्या बोलण्यात दुसऱ्या माणसाचे दुःख मुलाच्या नजरेसमोर आणले जाते. चापट मारली की मुलाच्या नजरेसमोर स्वतःचेच दुःख उरते.

बक्षिसांविषयी थोडक्यात सांगता येईल. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवले की दीड वर्षाची मुलेही, कोणी न सांगता, परक्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात; त्यांच्या २४ पैकी २२ बाळांनी निदान एकदा तरी मदत केली. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवले की मदतीबद्दल खेळणे देत गेल्यास पुढे खेळणे मिळाले नाही की मुले कमी मदत करू लागतात. भिंतीवर तक्ता लावून चांगुलपणाला चांदण्या चिकटवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. जी गोष्ट मुलाकडे आधीपासून होती ती आपण त्याच्याकडून विकत घेतो आणि मग ते भाव मागू लागले की नाराज होतो.

बोधकथांचे मात्र वाटले तितके वाईट नाही. कँग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासात, खोटे बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टींचा मुलांच्या खरेपणावर परिणाम झाला नाही, पण लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने झाड तोडल्याचे कबूल केले आणि वडिलांना त्याचा अभिमान वाटला, या गोष्टीचा झाला. गंमत अशी की ही गोष्ट एका चरित्रकाराने १९व्या शतकाच्या आरंभी रचून घातलेली आहे. खरेपणा वाढवणारी कथाच खरी नाही, हे मुलांना कोणत्या वयात सांगावे, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

शेवटी एका तरुण परिचिताने विचारलेला प्रश्न. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. त्याची आई श्रद्धाळू, तो स्वतः मानत नव्हता, आणि मुलीच्या भल्यासाठी आता आपणही प्रार्थनेला बसायला सुरुवात करावी का, असे त्याच्या मनात चालले होते. पुष्कळ आईबाप असेच करतात. स्वतःला ज्याची गरज वाटत नाही ते मुलासाठी म्हणून सुरू करतात, आणि मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत त्याला कळून चुकते की हा सारा खटाटोप आपल्यासाठी मांडला आहे, आपण नसलो तर येथे कोणी बसणार नाही. मी त्याला विचारले की त्याची स्वतःची सोय कोणत्या गोष्टीपुढे थांबते. त्याने बराच विचार केला आणि सांगितले की कोणाकडून काम करून घेतले की त्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, मग स्वतःची ओढाताण झाली तरी चालेल. हे त्याने कधी मोडलेले नव्हते. मग मुलीला ते दिसू दे, तिच्या हातून ते पैसे देववीत जा, असे मी त्याला सांगितले. आणि देवाविषयी तिने विचारले, तर मला ठाऊक नाही असे खरे ते सांगून तिला आजीकडे पाठव. आजी मानते, त्यामुळे उत्तर द्यायचे असेल तर ते आजीने द्यावे, आणि ते उत्तर देताना तू मध्ये हसू नकोस.